गांधीलमाशीच्या वेषांतील पतंग

भाद्रपदांत पावसानें उघडीप दिली, कीं धुऱ्यावरील फुलांवर काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा, काचेसारख्या पंखांचा एक कीटक बसलेला दिसतो. ती गांधीलमाशी समजून आपला हात आपोआप मागें येतो. पुष्कळदां हा समज खराच असतो. परंतु कधीं कधीं तो प्राणी डंख नसलेला पतंग असतो, आणि आपणांस भिववून सुखानें मध पीत राहतो. आम्हीही या सोंगास फसलों आहों.

हें सोंग त्यानें जाणूनबुजून घेतलेलें नव्हे. हेन्री वॉल्टर बेट्स या इंग्रज शास्त्रज्ञानें ॲमेझॉनच्या अरण्यांतील फुलपाखरांवरून इ. स. १८६२ मध्यें याचा उलगडा केला. पक्षी ज्या प्राण्यास टाळतात, त्याच्यासारखा दिसणारा दुसरा प्राणीही वांचतो, व पिढ्यानपिढ्या तें साम्य वाढत जातें.

शेतकऱ्यास हा भेद कळणें अगत्याचें आहे. गांधीलमाशी पिकांवरील अळ्या मारून आपल्या पिलांस चारते. ती शेताची राखणदारच होय. उलटपक्षीं, मेलिटिया युरिटिऑन या काचपंखी पतंगाची अळी पडवळाच्या वेलांत शिरून आंतून पोखरते व वेलावर गांठ उठते. वेषावरच भरंवसा ठेवला, तर राखणदार मारला जातो आणि चोर सुटतो. ओळखण्याची खूण कंबर ही होय: गांधीलमाशीची कंबर दोऱ्यासारखी बारीक, पतंगाची तशी नसते, शिवाय त्याच्या अंगावरील खवले भुकटीसारखे बोटास लागतात. (ही दुसरी परीक्षा मेलेल्या कीटकावरच करावी!)

हे पतंग दिवसां उडतात आणि माशी समजून सोडून दिले जातात. म्हणून ते कोठें कोठें राहतात हें बहुतांशीं पदार्थसंग्रहालयांतील टांचणीस टोंचलेल्या नमुन्यांवरूनच कळतें. नमुन्याखालील चिठ्ठीवर स्थळ, तारीख व गोळा करणाऱ्याचें नांव असतें. चिठ्ठी नसेल तर तो केवळ वाळलेला किडा. हॅम्प्सन यांनीं १८९२ सालीं हिंदुस्थानांतील पतंगांवरील ग्रंथाचा पहिला खंड प्रसिद्ध केला. त्यांत सिक्कीम, खासी टेंकड्या, निलगिरी, सिलोन हींच नांवें पुन्हा पुन्हा येतात. पतंग तेथेंच होते असें नव्हे. गोळा करणारे साहेबलोक तेथें हिंडले! तेव्हां एखाद्या नकाशावर वऱ्हाड कोरें दिसलें, म्हणून तो पतंग आपल्याकडे नाहीं असें मानूं नये.

चिठ्ठीचें मोल कपाशीवरून समजेल. १८४२ सालीं भडोच येथें कपाशीवर सांपडलेल्या पतंगाच्या नमुन्यांवरून साँडर्स यांनीं १८४३ मध्यें त्याचें शास्त्रीय वर्णन केलें. तीच आपली गुलाबी बोंडअळी. २०१७ च्या हंगामांत तिनें विदर्भांतील बीटी कपाशीचीही धूळधाण केली. ती येथें नव्यानें आली काय, या प्रश्नास उत्तर देतांना तें जुनें टिपणच उपयोगीं पडतें.

असा पतंग मेलेला सांपडल्यास त्याच्या पंखांस बोट न लावतां कागदाच्या घडींत ठेवावा, मुंग्यांपासून जपावें. गांव, तालुका, तारीख व झाडाचें नांव त्याच दिवशीं लिहावें. नुसतें ‘अमरावती जिल्हा’ लिहिणें पुरेसें नाहीं. मेळघाटचा डोंगर निराळा आणि पूर्णेच्या खोऱ्यांतील काळी जमीन निराळी. वेलावर गांठ असेल तर ती चिरून पाहावी, आणि आंत अळी निघाल्यास वेलाच्या तुकड्यासह अकोल्याच्या कृषि विद्यापीठांतील कीटकशास्त्रज्ञांस दाखवावी.