मातीच्या पोटातली कमान

खाडीपूल जवळ आला की एस.टी.ला एक दणका बसतो. पूल खोल गेलेल्या खांबांवर उभा, त्याला टेकलेला भराव मात्र मऊ गाळावर. भाराखाली गाळातले पाणी हळूहळू निघून जाते आणि भराव वर्षानुवर्षे खचत राहतो.

नेदरलँड्सच्या पश्चिम भागात बरीचशी जमीनच अशी. म्हणून तिथे काही ठिकाणी भरावाखालीही ओळीने पाइल, म्हणजे खांब, उतरवतात. प्रत्येकाच्या माथ्यावर काँक्रीटची टोपी, वर पॉलिस्टरची मजबूत जाळी, मग भराव. टोप्यांनी जमिनीचा थोडाच भाग व्यापलेला, तरी बहुतेक भार त्यांच्यावरच जातो. गंमत आहे ना? दोन टोप्यांमधली माती किंचित खाली बसते, तेव्हा वरचे कण एकमेकांना अडकून टोपीपासून टोपीपर्यंत कमान धरतात. वाळूखालची झडप जराशी खाली सरकवून टेर्झागी यांनी १९३६ मध्ये हा परिणाम मोजून दाखवला होता.

कमानीखालची उरलेली माती जाळी झोळीसारखी पेलते. भार जाळीवर सारखा पसरतो, असे पूर्वी धरत. प्रयोगांत दिसले, की तो शेजारच्या टोप्यांना जोडणाऱ्या अरुंद पट्ट्यांत एकवटतो. खालचा गाळ तर आणखी खचून जाळीला सोडूनही देतो, त्याच्या आधारावर हिशेब मांडणे धोक्याचे.

पण कमानीला उंची लागते. पैसे वाचवायला खांब विरळ केले आणि भराव बुटकाच ठेवला, तर कमान पुरी होत नाही, आणि डांबरावर टोपीगणिक एकेक टेंगूळ वर येते.