सोळा कॅमेरे आणि एक डेस्कटॉप
कॅमेऱ्याकडून संगणकात येणारे दृश्य कॉम्प्रेस केलेले असते. ते उलगडून पडद्यावर मांडता येतील अशी चित्रे तयार करणारा घटक म्हणजे डिकोडर. घरी सिनेमा पाहताना त्याची कुणी दखल घेत नाही. यान्बूत तसे करून भागत नाही. अब्कैकहून निघालेली सुमारे १,२०० किलोमीटरची तेलवाहिनी सौदी अरेबिया आडवा ओलांडून इथे लाल समुद्राला भिडते. अरामको आणि चीनच्या सिनोपेकच्या भागीदारीतली, दिवसाला ४ लाख बॅरल क्षमतेची यासरेफ रिफायनरी याच किनाऱ्यावर आहे. अशा प्रकल्पांच्या कंट्रोल रूममध्ये एका डेस्कटॉपवर अनेक कॅमेरे एकाच वेळी चालवायचे म्हटले, की डिकोडर कसा जोडला आहे यावरच सारे अवलंबून राहते.

१९२० बाय १०८० पिक्सेलचे एक चित्र, रंगाची माहिती नेहमीप्रमाणे कमी ठेवूनही, सुमारे ३१ लाख बाइट भरते. सेकंदाला २५ चित्रे आणि १६ कॅमेरे धरले, तर सेकंदाला १२४ कोटी बाइट होतात. कॅमेरा नेटवर्कवर ४ मेगाबिटने पाठवत असेल, तर प्रत्यक्ष येतात कॅमेऱ्यामागे ५ लाख. ही बचत होते, कारण लागोपाठची चित्रे बहुतांशी सारखीच असतात. एच.२६४ (२००३) आणि एच.२६५ (२०१३) या मानकांत अधूनमधून एक पूर्ण चित्र, म्हणजे की-फ्रेम, येते; मधल्या चित्रांत फक्त फरक नोंदवलेला असतो. रिफायनरीचा फ्लेअर या हिशेबाला दाद देत नाही. ज्वाळा क्षणोक्षणी बदलते, अंदाज चुकतात आणि बिटरेट बांधलेला असेल तर चित्रात चौकोन उमटू लागतात. म्हणून हे कॅमेरे दाखवणाऱ्या प्रोग्रॅमची चाचणी रिकाम्या पार्किंगच्या दृश्यावर घेण्यात अर्थ नाही. ज्वाळा आणि लाटा घ्याव्यात.

डिकोडर स्वतः लिहिण्याच्या फंदात सहसा कुणी पडत नाही. फाब्रिस बेलार यांनी २००० साली सुरू केलेल्या एफएफएमपेगमधली लिबएव्हीकोडेक लायब्ररी किंवा विंडोजचे मीडिया फाउंडेशन वापरले जाते. पहिलीचा परवाना मूलतः एलजीपीएल आहे, त्यामुळे सोर्स बंद ठेवणारे ती वेगळ्या डीएलएल फाइलमध्ये ठेवतात. पेटंटचा प्रश्न त्याने सुटत नाही, तो निराळाच.

डिकोडरला कॉम्प्रेस केलेले एक पॅकेट दिले की एक चित्र मिळते, हा नवख्यांचा ठरलेला गैरसमज. काही चित्रे पुढच्या चित्रांच्या आधारानेही बांधलेली असतात, म्हणून डिकोडर ती अडवून ठेवतो. एफएफएमपेगने २०१६ मध्ये पॅकेट देणे आणि चित्र घेणे यांसाठी दोन वेगळी फंक्शन्स केली, ती यामुळेच. फाइल संपल्यावर आत अडकलेली चित्रे काढून घेतली नाहीत, तर शेवटचा तुकडा गायब होतो. थेट दृश्यात पुढच्या चित्रांवर विसंबणारी चित्रे म्हणजे निव्वळ उशीर. ती कॅमेऱ्यातच बंद केलेली बरी.

डिकोडिंग वेगळ्या थ्रेडवर चालवावे, नाहीतर खिडकी गोठते. प्रोग्रॅम मागे पडला तर काय टाकायचे, हे ठरवताना घाई नडते. कॉम्प्रेस केलेले पॅकेट फेकले की त्यावर विसंबलेली चित्रे पुढच्या की-फ्रेमपर्यंत फरफटल्यासारखी दिसतात. फेकायचे ते उलगडलेले चित्र. फारच उशीर झाला असेल तर सरळ पुढची की-फ्रेम गाठावी.

ग्राफिक्स कार्डाची मदत घेतली की प्रोसेसर मोकळा होतो. मात्र उलगडलेले चित्र कार्डाच्या मेमरीतून मुख्य मेमरीत आणून पुन्हा कार्डाकडे पाठवणारे प्रोग्रॅम सर्रास आढळतात, आणि त्यात बराचसा फायदा वाया जातो. डायरेक्टथ्रीडीच्या टेक्स्चरमध्येच चित्र ठेवून तिथूनच रंगवावे.

सर्वांत मोठी बचत मात्र कमी उलगडण्यात आहे. १९२० बाय १०८० च्या पडद्यावर १६ चौकटी मांडल्या की प्रत्येकीला ४८० बाय २७० पिक्सेल येतात. तिथे पूर्ण दृश्य उलगडणे हा शुद्ध अपव्यय. बहुतेक आयपी कॅमेरे कमी रिझोल्यूशनचा दुसरा प्रवाहही देतात. चौकटींसाठी तो पुरतो. ऑपरेटरने एखादी चौकट मोठी केली की मुख्य प्रवाह जोडायचा आणि त्याची पहिली की-फ्रेम येईपर्यंत छोटेच चित्र ताणून दाखवत राहायचे.