डॉक्युमेंटेशन वाचून नेटवर्किंग शिकताना

संगणक एकमेकांशी जोडणे म्हणजे नेटवर्किंग आणि सर्व्हर सुरळीत चालू ठेवणे म्हणजे सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेशन. ही दोन्ही कामे घरबसल्या शिकता येतात. त्यासाठी लागणारे डॉक्युमेंटेशन, म्हणजे प्रणाली बनवणाऱ्यांनी स्वतः लिहून ठेवलेली माहिती, फुकट मिळते. लिनक्समध्ये तर त्यातली बरीचशी संगणकातच असते. मात्र ती पहिल्या पानापासून कादंबरीसारखी वाचायला घेतली, तर आपण लवकरच कंटाळाल. एक प्रश्न मनात धरून, यंत्र समोर ठेवून ती वाचावी.

आधी मोडतोड करायला जागा हवी. व्हर्च्युअलबॉक्स हे मोफत सॉफ्टवेअर आपल्या लॅपटॉपवर घ्या. त्यात व्हर्च्युअल मशिन, म्हणजे संगणकाच्या आत चालणारा दुसरा संगणक, तयार करून त्यावर डेबियन लिनक्स बसवा. काही बदलण्यापूर्वी स्नॅपशॉट, म्हणजे मशिनच्या त्या क्षणीच्या स्थितीची नोंद, घ्या. बिघडले तर त्या स्थितीला परत येता येते, त्यामुळे भीती राहत नाही.

इथे बहुतेक जण एका ठिकाणी अडतात. दोन व्हर्च्युअल मशिन सुरू केली, दोन्हींवर इंटरनेट चालते, पण ती एकमेकांना सापडत नाहीत. पत्ता पाहावा तर दोन्हींचा १०.०.२.१५! व्हर्च्युअलबॉक्सच्या नेहमीच्या ‘नॅट’ पद्धतीत प्रत्येक मशिन स्वतंत्र कप्प्यात असते, म्हणून असे होते. सेटिंगमध्ये ‘नॅट नेटवर्क’ तयार करून दोन्ही मशिन त्याला जोडा. आपले काही चुकलेले नसते, आणि हे कारण व्हर्च्युअलबॉक्सच्या मॅन्युअलमध्ये स्पष्ट दिलेले आहे.

आता ‘मॅन’ ही आज्ञा. मॅन म्हणजे मॅन्युअल. तिच्यापुढे कोणत्याही आज्ञेचे नाव लिहिले की त्या आज्ञेचे माहितीपान उघडते. तिरकी रेघ टाइप करून शब्द लिहिला की तो शब्द शोधता येतो आणि ‘क्यू’ दाबले की बाहेर पडता येते. वर ‘सिनॉप्सिस’ नावाचा भाग असतो, तो पाहून नवखे घाबरतात. खरे तर त्याचे नियम मोजकेच आहेत: चौकोनी कंसातले ऐच्छिक, उभ्या रेघेने वेगळे केलेल्यांपैकी एकच निवडायचे, आणि तीन टिंबे म्हणजे तीच गोष्ट पुन्हा देता येते.

मॅन्युअलचे आठ मुख्य विभाग आहेत, ही गोष्ट कोणी आवर्जून सांगत नाही. पहिल्यात आज्ञा, पाचव्यात फाइलींची रचना, आठव्यात अ‍ॅडमिनिस्ट्रेटरची कामे. नुसते ‘मॅन पासडब्ल्यूडी’ लिहिले तर पासवर्ड बदलण्याची आज्ञा समोर येते. मध्ये ५ घातला, तर वापरकर्त्यांची नावे असलेल्या फाइलची रचना दिसते. त्या फाइलची एखादी ओळ उघडून शेजारी ठेवा. विसर्गासारख्या चिन्हांनी वेगळे केलेले सात रकाने दिसतील. दुसऱ्यात बहुधा नुसता ‘एक्स’ असतो. त्याचा अर्थ असा की खरा पासवर्ड, सांकेतिक रूपात, ‘शॅडो’ नावाच्या दुसऱ्या फाइलमध्ये आहे. ही एक ओळ मॅन्युअलशी ताडून पाहिली की पाचव्या विभागाचा उपयोग पुरता कळतो.

नेटवर्क बंद पडले तर क्रम सोडू नये. ‘आयपी अ‍ॅड्र’ने आपल्या यंत्राचा पत्ता पाहा. तो १६९.२५४ने सुरू होत असेल, तर राउटरकडून पत्ता मिळालेला नाही, यंत्राने स्वतःच एक घेतला आहे. मग ‘आयपी रूट’ने गेटवे, म्हणजे बाहेर जाणारी माहिती ज्या यंत्राकडे सोपवली जाते ते, पाहा आणि त्याला पिंग करा, म्हणजे छोटा संदेश पाठवून उत्तर येते का ते बघा. नंतर इंटरनेटवरच्या १.१.१.१ या पत्त्याला पिंग करा. हे सगळे चालते, तरी संकेतस्थळ नावाने उघडत नाही? मग संशय डीएनएसवर, म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या यंत्रणेवर. पिंगला उत्तर आले नाही म्हणून समोरचे यंत्र बंदच आहे असे मात्र समजू नका. कित्येक फायरवॉल, म्हणजे नेटवर्कवरची ये-जा नियंत्रित करणाऱ्या यंत्रणा, पिंग अडवतात.

जुन्या लेखांत पत्ता पाहण्यासाठी ‘आयएफकॉन्फिग’ ही आज्ञा असते. डेबियन ९पासून ती आपोआप बसवली जात नाही, आणि शिकणाऱ्याला वाटते यंत्रच बिघडले. म्हणून वाचण्यापूर्वी माहिती कोणत्या आवृत्तीची आहे ते बघा.

नियम मुळातून समजून घ्यायचे तर आरएफसी वाचा. इंटरनेटचे नियम मांडणारे हे क्रमांकित दस्तऐवज १९६९पासून निघत आहेत. सुरुवातीला १९१८ क्रमांकाचा घ्या. घरातले पत्ते १९२.१६८ने का सुरू होतात, ते त्या छोट्या दस्तऐवजात सापडेल. आरएफसी जुना झाला की त्याची जागा नवा घेतो. टीसीपी या इंटरनेटच्या मूलभूत नियमावलीचा १९८१चा ७९३ क्रमांक २०२२मध्ये ९२९३ने बाद केला. वरच्या ओळींत ‘ऑब्सोलिटेड बाय’ दिसले, तर तिथून पुढे नव्याकडे जा.

खऱ्या सर्व्हरवर हात घालाल तेव्हा बदलण्याआधी फाइलची प्रत ठेवा. एसएसएच, म्हणजे दूरच्या सर्व्हरवर सुरक्षित प्रवेश देणारी सोय, किंवा फायरवॉल बदलताना आधीचे कनेक्शन तोडू नका. दुसऱ्या खिडकीतून नव्याने प्रवेश मिळाला, तरच पहिले बंद करा. प्रवेश मिळाला नाही, तर उघड्या खिडकीतून जुनी फाइल परत ठेवता येते.

आणि वाचताना एखादे पान चुकीचे किंवा अपुरे आढळले, तर त्या प्रकल्पाला जरूर कळवा. डेबियनसारखे प्रकल्प अशा सूचना कोणाकडूनही स्वीकारतात.