काठावरचा माणूस

श्रोतेहो, उन्हाळ्याची सुट्टी लागली की आपल्या मराठवाड्यातल्या विहिरींवर पोरांचा गलका सुरू होतो. कुणी पाठीला वाळका भोपळा बांधून पोहायला शिकतो, कुणी काठावरून सूर मारतो. या खेळात धोका पूर्वीही होता आणि त्यात घरेही बुडाली. पण जुन्या रीतीत एक शहाणपण होते. पायरीवर एखादा पट्टीचा पोहणारा काका किंवा मामा बसलेला असे. त्याचे डोळे पोरावर असत आणि हात मोकळे असत. पोर गटांगळ्या खाऊ लागले की तो कपड्यांसकट उडी टाकी.

आज काठावर कोण उभे आहे, याचा आपण थोडा विचार करू.

आपल्या छत्रपती संभाजीनगरपासून जवळच, खुलताबादकडे सूलिभंजनचा डोंगर आहे. एकनाथ महाराजांच्या तपश्चर्येची जागा म्हणून आपण तिथे श्रद्धेने जातो. २०२४ च्या जून महिन्यात तिथल्या दत्तमंदिराच्या परिसरात २३ वर्षांची एक तरुणी मोटार चालवायला बसली. सोबतचा मित्र मोबाइलवर चित्रण करीत होता. गाडी मागे जाऊ लागली, वेग वाढला आणि ती दरीत कोसळली. मुलगी गेली. ते चित्रण मात्र देशभर फिरले. गेलेल्या जिवाला दोष देण्यासाठी मी हे सांगत नाही. डोळ्यांसमोर अनर्थ घडताना हातात फोन असला तर त्याचा काडीचा उपयोग होत नाही, एवढेच ध्यानात घ्या.

त्याच वर्षी मुंबईत याहून वेगळा, जाणूनबुजून केलेल्या धाडसाचा प्रकार उघडकीस आला. शिवडी स्थानकात चालत्या लोकलला लोंबकळणाऱ्या एका तरुणाचे चित्रण लोकांनी हौसेने पाहिले होते. रेल्वे सुरक्षा दलाचे लोक त्याचा शोध घेत घरी पोहोचले, तेव्हा कळले की पुढे मशीद स्थानकात असेच धाडस करताना त्याने एक हात व एक पाय गमावला आहे.

आता तुम्ही म्हणाल, या मुलांना धोका कळत नाही का? कळतो! वर्गात विचारा, सगळे बरोबर उत्तर देतात. मग चुकते कुठे? अमेरिकेतील गार्डनर आणि स्टाइनबर्ग या मानसशास्त्रज्ञांनी २००५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी १३ ते १६ वर्षांच्या मुलांना, १८ ते २२ च्या तरुणांना आणि प्रौढांना गाडी हाकण्याचा संगणकावरचा खेळ दिला. खेळणारा कधी एकटा असे, तर कधी मित्रांसमवेत. मित्र पाहत असताना मुलांनी व तरुणांनी फार अधिक धोका पत्करला. प्रौढांत मात्र फरक पडला नाही. म्हणजे या वयात पाहणाऱ्याची नजरच अंगात वारे भरते. मोबाइलने तर ही नजर चोवीस तास मुलांच्या खिशात आणून ठेवली आहे.

म्हणूनच ‘येथे धोका आहे’ ही पाटी पुरेशी पडत नाही. ती उडी मारणाऱ्याशी बोलते, पाहणाऱ्याशी बोलत नाही. गुरुजनहो, वर्गात आपण पाहणाऱ्याला शिकवू या. ‘मी चित्रण करणार नाही, तू आधी खाली ये,’ एवढे वाक्य मित्राने म्हटले तरी अर्धे धाडस तिथेच विरते. असले चित्रण आले तर पुढे पाठवू नये. कुणी बुडत असेल तर न पोहणाऱ्याने उडी टाकू नये. दोर, लुगडे, लांब काठी फेकावी, हाका माराव्यात, ११२ क्रमांक फिरवावा.

आणि पालकहो, पोराच्या हाती फटफटीची किल्ली देणारे आपणही काठावरच उभे असतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायदा तेच सांगतो. अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केला, तर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. वाहनाची नोंदणी १२ महिने रद्द होते आणि त्या मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत परवाना मिळत नाही.

धाडस हा तरुणपणाचा धर्मच आहे. तो मोडू नका. फक्त काठावर बसा, डोळे उघडे ठेवा आणि हात मोकळे ठेवा.