प्रवासात शिकावी अशी कॉफी

मराठी घरात कॉफीला पाहुण्याचे स्थान आहे. चहा रोजचा, कॉफी निमित्ताची. उपवासाला चहा चालत नाही म्हणून, परीक्षेच्या रात्री जागायचे म्हणून किंवा कोजागरीनंतर थंडीची चाहूल लागली म्हणून ती केली जाते. तिची कृतीही ठरलेली असते. दुधात साखर घालून उकळी आणायची, डब्यातली तयार पूड चमचाभर ढवळायची आणि वरून जायफळ किसायचे. पेय गोड होते, सुगंधीही होते. मात्र त्या सुगंधात जायफळ किती आणि कॉफी किती, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही.

कोल्हापुरातून पुणे-बंगळूर महामार्गाने दक्षिणेकडे निघालेल्या प्रवाशाला हा प्रश्न पडतो. बेळगाव-हुबळीच्या पुढे चहाच्या पेल्याची जागा हळूहळू स्टीलचा किंवा पितळेचा लहान पेला आणि खोलगट वाटी घेते, आणि त्यातील पेयाची चव घरच्या कॉफीपेक्षा अगदी निराळी लागते. चिक्कमगळूर आणि कोडगूच्या डोंगरांत तर कॉफी नुसती पाजली जात नाही, शिकवलीही जाते. मळ्यांवरील अनेक निवासांमध्ये सकाळी मळ्यातून फेरी आणि त्यानंतर कॉफी स्वतःच्या हाताने करून पाहण्याचा तास-दोन तासांचा वर्ग, असा बेत आता रुळला आहे. सहलीतील तास-दोन तास अशा वर्गाला द्यावेत का, आणि दिले तर पदरात नेमके काय पडते, हे समजून घेणे उपयोगाचे ठरेल.

मळ्याचे दार उघडले कसे?

भारतात कॉफी आली ती सतराव्या शतकात, असे मानले जाते. सूफी संत बाबा बुडन यांनी हजच्या यात्रेहून परतताना येमेनमधील मोखा बंदरातून सात बिया आणल्या आणि चिक्कमगळूरजवळच्या चंद्रगिरीच्या उतारावर लावल्या, अशी आख्यायिका आहे. ते डोंगर आज बाबा बुडनगिरी म्हणून ओळखले जातात. ब्रिटिश काळात येथे मोठ्या प्रमाणावर मळे उभे राहिले आणि १९२५ साली याच जिल्ह्यातील बाळेहोन्नूर येथे कॉफी संशोधनाचे केंद्र सुरू झाले. आज देशातील सुमारे सत्तर टक्के कॉफी एकट्या कर्नाटकात पिकते. महाराष्ट्रात अमरावती जिल्ह्यातील चिखलदऱ्यालाही ब्रिटिशांनी कॉफी लावली होती आणि तेथे ती अजून थोड्या प्रमाणात होते, ही गोष्ट आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसते.

मळेवाल्याने प्रवाशाला घरी बोलावून स्वतःची कॉफी पाजावी, ही प्रथा मात्र फारशी जुनी नाही. १९४२ च्या कायद्याने स्थापन झालेल्या कॉफी बोर्डाकडे उत्पादकाने आपले पीक जमा करायचे आणि विक्री बोर्डाने करायची, अशी व्यवस्था अनेक दशके होती. सगळ्यांची कॉफी एकत्र होई. त्यामुळे एखाद्या मळ्याच्या कॉफीला स्वतःचे नाव नसे. १९९२ पासून ही बंधने टप्प्याटप्प्याने सैल झाली आणि १९९६ पर्यंत उत्पादकाला आपला माल स्वतः विकण्याची पूर्ण मोकळीक मिळाली. आपली कॉफी आपण भाजावी, आपल्या नावाने विकावी आणि ती कशी करावी हे गिऱ्हाइकाला शिकवावे, हे सारे त्यानंतरचे.

चार गोष्टींचा धडा

वर्गात बहुधा सुरुवात वासापासून होते. कच्चे हिरवट दाणे, हलके भाजलेले आणि गडद भाजलेले दाणे समोर ठेवले जातात. कच्च्या दाण्याला कॉफीचा वास जवळपास नसतोच. तो भाजताना निर्माण होतो. भाजलेल्या दाण्याचे वजन साधारण पंधरा ते वीस टक्क्यांनी घटते, तो फुगतो आणि ठिसूळ होतो. दळल्यावर मात्र त्याचा सुगंध झपाट्याने उडू लागतो. म्हणूनच जाणकार दाणे विकत घेतात आणि लागतील तेवढेच दळतात.

यानंतर मूळ धडा येतो. भाजलेल्या कॉफीतील साधारण तीस टक्के भागच पाण्यात विरघळू शकतो आणि तोही सगळा काढायचा नसतो. पाणी लागताच आधी आंबट आणि सुवासिक घटक बाहेर येतात, मग गोडवा येतो आणि शेवटी कडू, तुरट घटक उतरतात. दाण्याच्या वजनाच्या अठरा ते बावीस टक्के एवढा अंश पाण्यात उतरला की चव समतोल लागते, असे या क्षेत्रातील सर्वमान्य गणित आहे. कमी उतरला तर कॉफी आंबट आणि पोकळ लागते, जास्त उतरला तर कडवट. कॉफी करणे म्हणजे योग्य वेळी थांबणे.

हे थांबणे चार गोष्टींवर अवलंबून असते: दळण, प्रमाण, पाण्याचे तापमान आणि वेळ. दळण जितके बारीक तितका अर्क लवकर उतरतो. म्हणून चार मिनिटे भिजवायच्या फ्रेंच प्रेसला जाडसर रव्यासारखी भरड लागते, तर अर्ध्या मिनिटात होणाऱ्या एस्प्रेसोला बारीक पीठ. बिनदुधाच्या कॉफीसाठी एक भाग कॉफीला पंधरा ते सतरा भाग पाणी, म्हणजे १५ ग्रॅम पुडीला सुमारे २४० मिलिलिटर पाणी, हे सुरुवातीचे प्रमाण. पाणी ९० ते ९६ अंश सेल्सिअस तापमानाचे असावे. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर असल्याने येथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते. तेव्हा उकळी आल्यावर गॅस बंद करून अर्धा मिनिट थांबले तरी पुरे. तापमापकाची गरज नाही.

हे सारे पुस्तकात वाचता येते, मग वर्ग कशाला? कारण चव शब्दांत पकडता येत नाही. चांगला शिक्षक एकाच कॉफीचे तीन पेले मुद्दाम वेगवेगळ्या दळणाने करायला लावतो आणि ओळीने चाखायला देतो. जाड दळणाचा पाणचट आंबटपणा आणि अतिबारीक दळणाचा घशाशी राहणारा कडवटपणा एकदा जिभेवर उमटला की तो विसरत नाही. पुढे घरी कॉफी बिघडली तर काय बदलायचे, हे जीभच सांगते.

फिल्टरची किमया

दक्षिणी फिल्टर म्हणजे एकावर एक बसणारी दोन भांडी. वरच्याच्या तळाला बारीक भोके असतात. त्यात पूड घालून ती दट्ट्याने हलकेच दाबायची, वरून गरम पाणी ओतायचे आणि झाकण ठेवून थांबायचे. खालच्या भांड्यात थेंब थेंब उतरतो तो दाट अर्क म्हणजे डिकॉक्शन. ३० ग्रॅम पुडीवर १५० मिलिलिटर पाणी ओतले तर पूड आपल्या वजनाच्या साधारण दुप्पट पाणी धरून ठेवते आणि सुमारे ९० मिलिलिटर डिकॉक्शन मिळते. एका पेल्याला ३० मिलिलिटर धरले तर तीन पेले होतात.

नवशिक्याची गफलत येथे बहुधा दाबण्यात होते. पूड फार दाबली तर पाणी अडून बसते, मुळीच दाबली नाही तर पाणी भराभर निघून जाते आणि अर्क पातळ राहतो. पंधरा-वीस मिनिटांत अर्क उतरला तर दाब बरोबर, हे हाताला दोन-तीन प्रयत्नांत उमगते. डिकॉक्शन पुन्हा उकळायचे नाही, गरम दूधच त्यात मिसळायचे, हा दुसरा नियम. पेल्यातून वाटीत आणि वाटीतून पेल्यात उंचावरून ओतणे हा केवळ देखावा नव्हे. त्याने कॉफी पिण्याइतपत निवते, साखर विरघळते आणि फेस येतो.

वेष्टनावर काय वाचावे?

वर्गाचा सर्वांत टिकाऊ फायदा कदाचित दुकानात होतो. कॉफीच्या पाकिटावर 'चिकोरी' हा शब्द आपण वाचतो आणि सोडून देतो. चिकोरी ही कॉफी नव्हे. ते एका वनस्पतीचे भाजलेले मूळ आहे आणि आपल्याकडे तिची लागवड मुख्यतः गुजरात व उत्तर प्रदेशात होते. तिच्यात कॅफीन नसते. ती अर्काला रंग आणि दाटपणा देते आणि कॉफीपेक्षा स्वस्त पडते. कॉफी-चिकोरी मिश्रणात किमान ५१ टक्के कॉफी असलीच पाहिजे आणि दोहोंचे प्रमाण वेष्टनावर छापले पाहिजे, असा आपल्याकडे नियम आहे. म्हणजेच 'कॉफी' म्हणून घरी आणलेल्या पाकिटात जवळपास निम्मी चिकोरी असू शकते, आणि तेही नियमाला धरूनच. चिकोरी आवडणे यात गैर काहीच नाही. दक्षिणेतील कितीतरी घरांना तिच्याशिवाय कॉफी पोकळ वाटते. पण किती टक्के हवी हे आपण ठरवावे, पाकिटाने नव्हे.

आणखी दोन-तीन शब्द ओळखून ठेवावेत. अरेबिका उंचावर पिकते, तिचा सुगंध नाजूक आणि आंबटपणा सुखद असतो. रोबस्टा कडवट आणि दाट असते, तिच्यात कॅफीन जवळपास दुप्पट असते आणि भारतात तिचेच उत्पादन जास्त आहे. 'पीबेरी' म्हणजे फळात दोन चपट्या बियांऐवजी एकच गोल बी तयार झालेली कॉफी. व्यापारात 'प्लांटेशन' म्हणतात ती फळाचा गर धुऊन काढलेली अरेबिका आणि 'चेरी' म्हणजे फळासकट वाळवलेली. २०१९ मध्ये चिक्कमगळूर, कूर्ग आणि बाबा बुडनगिरी येथील अरेबिकाला भौगोलिक मानांकन मिळाले. ही नावे पाकिटावर दिसली तर ती शोभेची नाहीत, हे आता कळेल.

कोल्हापूरच्या स्वयंपाकघरात

मळ्यावर शिकलेली कॉफी घरी आल्यावर जशीच्या तशी होत नाही, कारण दूध बदलते. म्हशीच्या धारोष्ण दुधाचे पेले रस्त्यावर उभे राहून रिचवणारे हे शहर. घरातले दूधही बहुधा म्हशीचेच. त्यातील स्निग्धांश गाईच्या दुधापेक्षा बराच जास्त असतो. स्निग्धता जिभेवर थर धरते आणि कॉफीचा सुगंध दबतो. त्यावर उपाय दोन. दुधात थोडे पाणी घालावे, किंवा डिकॉक्शन वाढवून त्यासाठी थोडी रोबस्टा मिसळलेली पूड वापरावी. नाजूक अरेबिका म्हशीच्या साईखाली हरवते. ती बिनदुधाची प्यावी.

गुळाचे मात्र उलटे आहे. मलनाडच्या घरांत कॉफी गुळाची करण्याची जुनी रीत आहे आणि गुळाच्या बाबतीत कोल्हापूरने कोणाकडे पाहण्याचे कारण नाही. अडचण एकच: गूळ घातला की दूध फाटण्याची भीती. गुळातील आम्लता आणि क्षार उकळत्या दुधाला मानवत नाहीत. म्हणून गूळ गरम डिकॉक्शनमध्ये विरघळवून गाळून घ्यावा आणि गॅसवरून उतरवलेले, उकळी बसलेले दूध शेवटी घालावे. गुळाचा खरपूस गोडवा आणि भाजलेल्या दाण्याचा कडवटपणा एकमेकांना फार शोभून दिसतात.

वर्ग निवडताना

काही गोष्टी आधी विचारून घ्याव्यात. प्रत्येकाला स्वतःच्या हाताने करायला मिळते की फक्त प्रात्यक्षिक दाखवतात? दाणे समोर दळले जातात का? बिघडलेला पेला आणि जमलेला पेला शेजारी ठेवून चाखायला देतात का? या तिन्हींची उत्तरे 'हो' असतील तर शुल्क सार्थकी लागते. अन्यथा तो वर्ग नसून विक्रीचे दुकान असते. अरेबिकाची तोडणी साधारण नोव्हेंबर ते जानेवारीत आणि रोबस्टाची त्यामागून होते. त्या काळात गेल्यास लाल फळापासून पेल्यापर्यंतचा सारा प्रवास पाहता येतो. मार्च-एप्रिलच्या सुमारास वळवाची एखादी सर पडून गेली की मळे पांढऱ्या फुलांनी भरतात आणि मोगऱ्यासारखा गंध सुटतो. अधिक खोलात शिरायचे असेल त्यांच्यासाठी कॉफी बोर्ड बंगळूरला 'कापी शास्त्र' नावाचे प्रशिक्षण घेत आले आहे.

कोल्हापूरकराला यातील मर्म खरे तर परके नाही. गुऱ्हाळावरचा गुळव्या काहिलीतील रसाचे बुडबुडे पाहतो, पाक पाण्यात टाकून बोटांनी चाचपतो आणि नेमक्या क्षणी काहील उतरवायला सांगतो. त्याचेही शास्त्र योग्य वेळी थांबण्याचेच आहे. ज्याने काहिलीशेजारी उभे राहून तो क्षण पाहिला आहे, तो ढेपेचा भाव घासाघीस न करता देतो. कॉफीचेही तसेच. देशातील कॉफीचा मोठा हिस्सा निर्यात होतो आणि चांगला दाणा बाहेर जातो, अशी हळहळ नेहमी व्यक्त होते. पण चांगला दाणा ओळखणारे गिऱ्हाईक घरात नसेल, तर तो येथे कोणासाठी राहावा? मळ्यावरून परतताना पिशवीत पाकीट असेल-नसेल. जिभेला पारख आली असेल, तर ती सहल वाया गेली नाही.