‘झिऑन’चा डबा की साधा आय-फाईव्ह? कॉम्प्युटर घेण्याआधी एवढं समजून घ्या

चंद्रपूर/गडचिरोली : ‘वर्कस्टेशन, झिऑन प्रोसेसर, १४ कोर, ३२ जीबी रॅम, एकदम कंडिशनमध्ये.’ असे मेसेज सध्या तालुक्या-तालुक्यातल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरत असतात. सेवा केंद्र टाकायचं, फोटो स्टुडिओ वाढवायचा किंवा यूट्यूब चॅनल सुरू करायचं ठरवलेल्या पोरांचं लक्ष लगेच तिकडं जातं. नवा आय-फाईव्ह कॉम्प्युटर घ्यायला गेलं तर ६ कोर मिळतात, आणि इथं त्याच किंवा कमी पैशांत १४. विकणारा सांगतो, ‘भाऊ, हा साधा प्रोसेसर नाही, सर्व्हरवाला आहे.’

ही गोष्ट खोटी नसते. तो प्रोसेसर खरंच सर्व्हरवाला असतो. प्रश्न एवढाच, की तुमचं काम सर्व्हरवालं आहे का? मुद्राच्या शिशू कर्जाची मर्यादाच ५० हजार आहे. त्यातून एकदाच कॉम्प्युटर येतो. तो चुकला तर दुसरा घ्यायला पैसे नसतात, हप्ता मात्र चालू राहतो.

प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरमधला हिशेब करणारा भाग, आणि कोर म्हणजे त्यातले मजूर. धानाच्या रोवणीला पाच बाया असल्या तर एक बांधी संपायला दिवस जातो, वीस असल्या तर दुपारपर्यंत हात मोकळे होतात. हे काम वाटून घेता येतं. पण गावातून एक चिठ्ठी नागपूरला पोचवायची असेल तर वीस जणांना पाठवून ती लवकर पोचत नाही. तिथं एकच माणूस लागतो, फक्त त्याची गाडी जोरात पळणारी पाहिजे. कॉम्प्युटरची कामंही अशी दोन प्रकारची असतात. ब्राउझर उघडणं, फॉर्म भरणं, पीडीएफ बनवणं, टॅली, कोरल ड्रॉ, फोटोशॉपमधलं बरंचसं काम हे चिठ्ठी पोचवण्यासारखं आहे. तिथं कोर किती यापेक्षा एक कोर किती जोरात पळतो ते महत्त्वाचं.

आता त्या ‘१४ कोर’वाल्या डब्याकडे बघू. अशा डब्यांत बऱ्याचदा इंटेलचा झिऑन ई५-२६८० व्ही४ असतो. तो २०१६ सालचा आहे. मोठ्या कंपन्यांच्या ऑफिसांतून आणि डेटा सेंटरमधून जुना झाला म्हणून निघालेला माल डेल प्रिसिजन टी५८१० किंवा एचपी झेड४४० अशा डब्यांत बसून बाजारात येतो. १४ कोर, २८ थ्रेड हे बरोबर आहे. पण त्याचा सगळ्यात जास्त वेग ३.३ गिगाहर्ट्झ. त्याच्यासमोर २०२२ च्या जानेवारीत आलेला साधा आय५-१२४०० ठेवा. याला ६ कोर आणि १२ थ्रेड, पण वेग ४.४ गिगाहर्ट्झपर्यंत जातो आणि आतली रचना सहा वर्षं नवी असल्यामुळे प्रत्येक ठोक्यात तो जास्त काम उरकतो. परिणाम असा, की एका कोरच्या कामात हा ‘साधा’ त्या झिऑनपेक्षा जवळपास पावणेदोनपट वेगवान पडतो. सगळे कोर कामाला लावले तरी सहा कोरवाला चौदा कोरवाल्याच्या बरोबरीनं चालतो. म्हणून नुसते कोर मोजून सौदा करायचा नाही. प्रोसेसर कोणत्या सालचा, हे आधी विचारायचं.

या जुन्या झिऑनची दुसरी अडचण विंडोजची. विंडोज १० चा आधार मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. घरगुती वापराच्या कॉम्प्युटरला नोंदणी केल्यावर सुरक्षेचे अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात, त्यापुढं नाही. आणि विंडोज ११ साठी कंपनीनं जी प्रोसेसरची यादी दिली आहे, तिच्यात ई५ व्ही४ नाही. दुकानदार ‘विंडोज ११ टाकून देतो’ म्हणतो तेव्हा तो आडवाटेनं टाकून देतो. ते चालतं, पण पुढचे अपडेट येतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. ज्या कॉम्प्युटरवर लोकांचे आधार, बँकेचे खाते क्रमांक, अंगठे घेतले जातात, तिथं हा धोका घेऊ नये.

तिसरी गोष्ट दुरुस्तीची. या डब्यांचा पॉवर सप्लाय आणि मदरबोर्ड कंपनीच्या स्वतःच्या मापाचा असतो. बाजारातला साधा पॉवर सप्लाय त्यात सहसा बसत नाही. आय-फाईव्हच्या साध्या कॉम्प्युटरचा सप्लाय जळाला तर चंद्रपूरला, नाहीतर बर्डीवर लगेच दुसरा मिळतो. एटापल्ली, सिरोंचा, भामरागडच्या माणसाला आधीच दुकान लांब. पावसाळ्यात पर्लकोटाला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद होतो. अशा ठिकाणी पार्ट मिळणारं यंत्र हेच चांगलं यंत्र.

सेवा केंद्राचं काम तर जवळपास सगळं ब्राउझरमधलं आहे. उत्पन्नाचा दाखला, महाडीबीटी, लाडक्या बहिणींची ई-केवायसी, स्कॅनिंग, प्रिंट. त्याला आय-थ्री किंवा आय-फाईव्ह, नाहीतर एएमडीचा रायझन ५, सोबत १६ जीबी रॅम आणि एसएसडी एवढं पुरे होतं. पोर्टल फिरत राहतं ते बहुतेक वेळा सर्व्हरवर गर्दी असते म्हणून किंवा गावातलं नेटवर्क गेलं म्हणून. ९६ कोरचा प्रोसेसर आणून ठेवला तरी ओटीपी त्यामुळं लवकर येत नाही.

व्हिडिओचं काम वेगळं. लग्नाचं शूटिंग, मंडईचे कार्यक्रम, वडसा-देसाईगंज भागात दिवाळीनंतर सुरू होणाऱ्या झाडीपट्टीच्या नाटकांचे प्रोमो, हे सगळं एडिट करणाऱ्यांना खरंच ताकद लागते. म्हणूनच झिऑनच्या जाहिरातीला सगळ्यात जास्त तेच भुलतात. पण इथं एक खाच आहे. आजचे कॅमेरे आणि मोबाईल व्हिडिओ एच.२६५ नावाच्या पद्धतीनं दाबून साठवतात. एडिट करताना तो सतत उलगडावा लागतो. इंटेलच्या साध्या प्रोसेसरमध्ये आतलंच ग्राफिक्स असतं आणि त्यात ‘क्विक सिंक’ नावाचा भाग हेच उलगडायचं काम करतो. अकराव्या पिढीपासून तर नव्या कॅमेऱ्यांचा १०-बिट, ४:२:२ प्रकारचा एच.२६५ व्हिडिओसुद्धा त्याला झेपतो. प्रीमियर प्रोमध्ये याचा फरक डोळ्यांना दिसतो.

वर्कस्टेशनच्या झिऑनमध्ये किंवा एएमडीच्या थ्रेडरिपरमध्ये आतलं ग्राफिक्सच नसतं. क्विक सिंक नाही, आणि नुसता स्क्रीन दिसायलाही वेगळं ग्राफिक्स कार्ड लावावं लागतं. साधा एच.२६५ बरीच ग्राफिक्स कार्डं उलगडतात. पण एनव्हिडियाच्या गेमिंग कार्डांत ४:२:२ ची सोय २०२५ च्या आरटीएक्स ५० मालिकेपासून आली. त्यामुळं जुना झिऑन अधिक जुनं कार्ड अशी जोडी घेतलेला माणूस चौदा कोर असूनही टाइमलाइन अडखळताना बघत बसतो, आणि शेजारच्या दुकानात आय-फाईव्हवर तेच फुटेज सरळ चालतं.

लाईट आणि उष्णतेचा हिशेब इकडं कोणी करत नाही, पण तो इथंच जास्त करायला पाहिजे. चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४५-४६ च्या पुढं जातो. प्रोसेसरचा पंखा खोलीतलीच हवा त्याच्यावर मारतो. खोलीच तापलेली असेल तर चांगला कूलरही त्याखाली थंड करू शकत नाही. प्रोसेसर तापला की जळू नये म्हणून आपणच वेग कमी करतो. घुग्घुस, बल्लारपूरकडं त्यात कोळशाची धूळ येते आणि हीटसिंकच्या फटी बुजतात. १२४०० चं मूळ रेटिंग ६५ वॉटचं, भर कामात ११७ वॉटपर्यंत. जुन्या झिऑनचं १२० वॉट, वर ग्राफिक्स कार्डाचं वेगळं. थ्रेडरिपर ७००० मालिकेचं तर सरळ ३५० वॉट, नुसत्या प्रोसेसरचं.

दोन डब्यांत सरासरी १०० वॉटचा फरक धरला आणि दुकान रोज दहा तास चाललं, तर दिवसाला एक युनिट जास्त. महिन्याला तीस. व्यावसायिक मीटरचा तुमचा दर बिलावर बघा आणि गुणून पाहा. युपीएसचंही तसंच. दुकानांत दिसणारा ६०० व्हीएचा युपीएस साधारण ३६० वॉट ओढू शकतो. आय-फाईव्ह आणि मॉनिटर त्यावर आरामात निघतात. मोठा झिऑन, ग्राफिक्स कार्ड आणि मॉनिटर भर कामात असताना लाईट गेली तर जुन्या बॅटरीचा युपीएस शिट्टी वाजवून तिथंच बसतो. २,९२० मेगावॉटचं वीज केंद्र चंद्रपुरात असलं तरी लाईट जायची ती जातेच, हे काही नव्यानं सांगायला नको.

मग वर्कस्टेशनचा प्रोसेसर असतो तरी कशासाठी? त्याचं उदाहरण आपल्याच जंगलात आहे. वाघांच्या गणनेला कॅमेरा ट्रॅप लावतात. २०१८ च्या गणनेत देशभर २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लागले आणि त्यांनी ३ कोटी ४८ लाखांहून जास्त फोटो काढले. त्यात वाघाचे होते फक्त ७६,६५१. बाकीच्यांत गुरं, हरणं, माणसं, हलणारं गवत असं काय काय. ताडोबासारख्या प्रकल्पांतून आलेल्या या ढिगातून आधी प्राणी कोणता हे ओळखायचं, मग पट्ट्यांवरून वाघ कोणता हे जुळवायचं. प्रत्येक फोटो वेगळा, म्हणून काम वाटून घेता येतं. ही खरी रोवणी. इथं जास्त कोर, भरपूर रॅम आणि एकापेक्षा जास्त ग्राफिक्स कार्डं कामी येतात.

स्वामित्व योजनेत गावठाणावरून ड्रोन फिरवले गेले, त्याचंही तसंच. एका गावाचे शेकडो फोटो जोडून एक नकाशा बनवायचा तर रॅम पोत्यानं लागते. साध्या प्रोसेसरला रॅमचे दोन रस्ते असतात. थ्रेडरिपरला चार, थ्रेडरिपर प्रो आणि झिऑन डब्ल्यू-३४०० ला आठ. थ्रेडरिपर प्रोमध्ये ९६ कोर आणि २ टीबीपर्यंत रॅम बसते. शिवाय अशा यंत्रांत ईसीसी रॅम चालते. ती साठवलेल्या माहितीत चुकून एखादा आकडा उलटला तर स्वतःच दुरुस्त करते. तीन-चार दिवस सलग हिशेब चालणार असेल तर हा भरवसा पैसे मोजण्यासारखा आहे. खाणीचं नियोजन, मोठ्या इमारतींची गणितं, विद्यापीठातलं संशोधन, तिथंही हेच. किंमतही तशीच. २४ कोरचा थ्रेडरिपर ७९६०एक्स नोव्हेंबर २०२३ मध्ये आला तेव्हा नुसता प्रोसेसर १,४९९ डॉलरचा होता, म्हणजे तेव्हाच्या दरानं सव्वा लाखाच्या आसपास, कर वेगळा. त्याचा मदरबोर्ड आणि रॅमही महागडी आणि वेगळ्या प्रकारची.

पण नकाशाचं काम म्हटलं की वर्कस्टेशनच पाहिजे, असंही नाही. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. त्यानंतर दोन्ही जिल्ह्यांतल्या अनेक ग्रामसभांना हक्क मिळाले. आपल्या हद्दीचे जीपीएस बिंदू टाकून नकाशा काढायचा, तेंदूच्या फळ्या आणि बांबूचे कक्ष दाखवायचे, एवढ्यासाठी क्यूजीआयएस हे फुकट सॉफ्टवेअर साध्या आय-फाईव्हवर छान चालतं. ड्रोन घेऊन स्वतः नकाशे बनवून द्यायचा धंदा करायचा असेल तरी आधी रायझन ९ ९९५०एक्ससारखा १६ कोरचा साध्याच रांगेतला प्रोसेसर बघावा. तो साध्या मदरबोर्डवर बसतो आणि एका कोरलाही जोरात पळतो. ६४ किंवा १२८ जीबी रॅम लावून ती पुरेनाशी झाली, की मग वर्कस्टेशनचा विचार.

कोणाचंही ऐकण्याआधी आपल्या सध्याच्या कॉम्प्युटरलाच विचारता येतं. काम हळू चाललंय असं वाटेल त्याच वेळी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं सोबत दाबा. टास्क मॅनेजर उघडेल, त्यात परफॉर्मन्सवर जा. डिस्क १०० टक्के दिसत असेल तर हार्डडिस्क काढून एसएसडी टाका, प्रोसेसर बदलू नका. मेमरी भरलेली असेल तर रॅम वाढवा. सीपीयूच्या आलेखावर राइट क्लिक करून प्रत्येक कोर वेगळा बघता येतो. एकच कोर वर जाऊन बाकीचे झोपलेले दिसले, तर जास्त कोरचा काहीच उपयोग नाही, जोरात पळणारा पाहिजे. सगळेच कोर तासन् तास १०० वर असतील, तरच जास्त कोरचे पैसे वसूल होतील.

सौदा करताना पूर्ण मॉडेल नंबर लिहून घ्या. नुसतं ‘आय-सेव्हन’ म्हणजे काहीच नाही, २०१२ चाही आय-सेव्हनच असतो. नंबरच्या शेवटी ‘एफ’ असेल, जसा १२४००एफ, तर त्यात आतलं ग्राफिक्स नाही, म्हणजे कार्डाचा खर्च धरा आणि क्विक सिंक विसरा. इंटेलचा तेराव्या-चौदाव्या पिढीचा आय-सेव्हन किंवा आय-नाईन सेकंडहँड घेत असाल तर बायोस अपडेट झालेलं आहे का ते विचारा. त्यातले काही प्रोसेसर जास्त व्होल्टेजमुळं बिघडत होते, म्हणून कंपनीनं २०२४ मध्ये दुरुस्ती दिली आणि डब्यातून आलेल्या प्रोसेसरची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. बिल मागा, त्यावर प्रोसेसरचा नंबर लिहायला लावा, आणि ग्रुपवरचा माल असेल तर पैसे पाठवायच्या आधी स्वतःच्या कॅमेऱ्यातली एक फाईल पेनड्राइव्हवर नेऊन त्याच कॉम्प्युटरवर चालवून बघा.