वेष्टन तेच, वजन कमी

१० रुपयांचा बिस्किटांचा पुडा १०० ग्रॅमवरून ८० ग्रॅमवर आला, तर छापील किंमत तीच राहूनही ग्रॅममागे १० पैशांऐवजी साडेबारा पैसे पडतात. ही २५ टक्के भाववाढच होय. गोंदिया जिल्ह्यातील देवरी, सालेकसा यांसारख्या तालुक्यांत रोजच्या मजुरीतून लहान पुडे घेणाऱ्या कुटुंबांना तिची झळ अधिक लागते.

आवेष्टित वस्तूंविषयीच्या २०११ च्या वैधमापन नियमांत २०२१ मध्ये दुरुस्ती झाली. तिने ठरावीक वजनाच्या पुड्यांचे बंधन काढले आणि प्रति ग्रॅम वा प्रति किलो दर छापण्याची तरतूद केली. खरेदीच्या वेळी हा दर पाहणे अगत्याचे आहे.

घटकांची यादीही तितकीच बोलकी असते. अन्नसुरक्षा विनियमांनुसार ज्या घटकाचे प्रमाण सर्वाधिक, त्याचे नाव प्रथम द्यावे लागते. वेष्टनावर फळाचे चित्र असून यादीच्या आरंभी साखर असेल, तर आपण प्रामुख्याने साखरच विकत घेत असतो.

शिक्षकांनी रिकामी वेष्टने विद्यार्थ्यांकडून वाचून घ्यावीत. पंचायत सदस्यांनी ग्रामसभेत हा विषय मांडावा. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक गावोगावी ठाऊक व्हावा.